वाचकांचे प्रश्न : बुआकेचा सामना आणि आयव्हरी कोस्टचे युद्ध

दिदिए द्रोग्बा या फुटबॉलपटूने २००५ साली कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून आवाहन केले आणि आठवड्याभरात आयव्हरी कोस्टमधील यादवी युद्ध थांबले, असा मजकूर मोबाइलवरून फिरत असतो. त्याविषयी विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : द्रोग्बाच्या आवाहनामुळे आठवड्यात युद्ध थांबले, हे खरे आहे काय? मी वर्गातल्या मुलांना ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली होती. एका सहकाऱ्याने ती खोटी आहे असे म्हटल्यापासून आपण मुलांना चुकीचे सांगितले की काय, अशी रुखरुख लागून राहिली आहे. (एक शिक्षिका)

उत्तर : आपण सांगितलेला प्रसंग खरा आहे, त्याचा जो परिणाम सांगितला जातो, तो मात्र खरा नाही. ८ ऑक्टोबर २००५ रोजी आयव्हरी कोस्टचा संघ सुदानमधील ओमदुर्मान येथे विश्वचषक पात्रता फेरीतील शेवटचा सामना खेळत होता. गटात कॅमेरून एका गुणाने पुढे होता आणि गटातून एकच संघ जर्मनीला जाणार होता. त्यामुळे सुदानला ३-१ असे हरवल्यानंतरही खेळाडूंचे लक्ष याउंदे येथे चाललेल्या कॅमेरून-इजिप्त सामन्याकडे लागले होते. तेथे १-१ अशी बरोबरी असताना नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत कॅमेरूनला पेनल्टी मिळाली, पिएर वोमेचा फटका खांबावर आदळला आणि आयव्हरी कोस्ट आपल्या इतिहासात प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला.

त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये सगळा संघ कॅमेऱ्यासमोर गोळा झाला आणि द्रोग्बाने माईक हातात घेतला. उत्तर, दक्षिण, मध्य आणि पश्चिम अशा सर्व भागांतील देशबांधवांना उद्देशून तो म्हणाला की, या देशातील सगळी माणसे एकत्र राहू शकतात आणि एका ध्येयासाठी एकत्र खेळू शकतात, हे आज आम्ही दाखवून दिले आहे. मग खेळाडूंनी गुडघे टेकले आणि त्याने लोकांना एकमेकांना क्षमा करण्याची, शस्त्रे खाली ठेवण्याची आणि निवडणुका घेण्याची विनवणी केली. हे सगळे एक-दीड मिनिटाचे आहे. मी ते चित्रण अनेकदा पाहिले आहे, आणि विजयाच्या त्या घटकेला इतक्या तरुण मुलांना जल्लोषाऐवजी हे सुचावे, याने मी दर वेळी हेलावून जातो.

आता परिणामाकडे वळू. युद्धाला १९ सप्टेंबर २००२ रोजी तोंड फुटले होते आणि जुलै २००३ मध्ये सरकार आणि उत्तरेकडील बंडखोर अशा दोन्ही बाजूंनी ते संपल्याची घोषणाही केली होती. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये सरकारी विमानांनी बंडखोरांच्या ताब्यातील बुआके या शहरातील फ्रेंच तळावर बॉम्ब टाकले, त्यात ९ फ्रेंच सैनिक ठार झाले आणि संघर्षाचा पुन्हा भडका उडाला. तरीही २००५ च्या ऑक्टोबरमध्ये रोजच्या लढाया चालू नव्हत्या. देशाचे दोन तुकडे झालेले होते, उत्तर बंडखोरांकडे आणि दक्षिण सरकारकडे होती, मधल्या पट्ट्यात फ्रेंच आणि संयुक्त राष्ट्रांचे सैनिक उभे होते, आणि युद्ध नाही पण शांतताही नाही अशा अवस्थेत लोक दिवस काढत होते. आठवड्यात थांबावी अशी लढाईच त्या वेळी चालू नव्हती. ज्या निवडणुकांची द्रोग्बाने विनवणी केली त्या ३० ऑक्टोबर २००५ रोजी व्हायच्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. पुढच्याच जानेवारीत राष्ट्राध्यक्ष लोरां बाग्बो यांच्या समर्थक तरुणांनी पश्चिमेकडील गिग्लो येथे संयुक्त राष्ट्रांच्या तळावर हल्ला केला. प्रत्यक्ष करार झाला तो ४ मार्च २००७ रोजी, शेजारच्या बुर्किना फासोची राजधानी वागाडूगू येथे, त्या देशाचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे यांच्या मध्यस्थीने. त्या करारानुसार बंडखोरांचे नेते गियोम सोरो हे बाग्बो यांच्याच हाताखाली पंतप्रधान झाले.

म्हणून रुखरुख मनात ठेवू नये. मुलांना गोष्ट पुन्हा सांगताना ‘एक आठवडा’ हे शब्द काढून तेथे ‘सतरा महिने’ असे म्हणावे, आणि त्या सतरा महिन्यांत वाटाघाटीच्या मेजावर चिकाटीने बसलेल्या माणसांचाही उल्लेख करावा. मोबाइलवरच्या गोष्टीत ती माणसे मुळीच दिसत नाहीत, आणि मला तिचा सर्वांत मोठा दोष हाच वाटतो.

प्रश्न : देशाचे दोन तुकडे का झाले? आणि तुकडे झाले असताना राष्ट्रीय संघात दोन्हीकडचे खेळाडू कसे होते? (अकरावीतील एक विद्यार्थी)

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोकोच्या मळ्यांत सापडते. १९६० साली फ्रान्सपासून स्वतंत्र झाल्यावर फेलिक्स ऊफवे-ब्वानी यांनी १९९३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत देशावर राज्य केले. दक्षिणेतील जंगल तोडून कोको आणि कॉफी लावायला मनुष्यबळ हवे होते, म्हणून त्यांनी देशाच्या उत्तर भागातून, तसेच बुर्किना फासो आणि माली या शेजारी देशांतून लोकांना येऊ दिले, कसायला जमीन मिळू दिली. आयव्हरी कोस्ट कोकोच्या उत्पादनात जगात पहिला झाला तो या कष्टांच्या जोरावर. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकोचे भाव कोसळले, शहरातून नोकरी गमावून परतलेल्या तरुणांना गावाकडची जमीन दुसऱ्यांच्या हाती दिसू लागली, आणि ‘खरे या देशाचे कोण’ हा प्रश्न राजकारणात आला. १९९८ च्या जनगणनेत लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा परकीय म्हणून नोंदला गेला होता, यावरून या प्रश्नात केवढा दारूगोळा भरलेला होता हे तुला कळेल.

ऊफवे-ब्वानी यांच्यानंतर आलेल्या आंरी कोनान बेदिए यांच्या राजवटीत ‘इव्वारिते’, म्हणजे अस्सल आयव्हरीपण, ही कल्पना पुढे आली. उत्तरेकडील नेते आणि माजी पंतप्रधान अलासान वातारा यांचे आईवडील बुर्किना फासोचे असल्याचा आक्षेप घेऊन त्यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून दूर ठेवण्यात आले. एका नेत्यावरचा हा संशय लाखो सामान्य माणसांवर पसरला, कारण उत्तरेकडचे मालिंके, सेनुफो आदी लोक पिढ्यान्‌पिढ्या याच देशाचे असले तरी त्यांची आडनावे, भाषा आणि बहुतांशी इस्लाम हा धर्म सीमेपलीकडच्या लोकांसारखाच आहे. तुरे, कोने, कुलिबाली, वातारा अशी आडनावे असणाऱ्यांना रस्त्यावरच्या तपासनाक्यांवर खाली उतरवले जाई आणि त्यांची ओळखपत्रे हिसकावली किंवा फाडली जात. २००२ च्या सप्टेंबरमध्ये सैनिकांच्या एका गटाने बंड केले, उत्तरेचा निम्मा देश ताब्यात घेतला आणि बुआके या देशातील मोठ्या शहरात आपले मुख्य ठाणे केले. जमीन, सत्ता, लष्करातील बढत्या अशी बंडाची अनेक कारणे सांगता येतील, परंतु सामान्य माणसाच्या रागाचे मूळ त्या फाटक्या ओळखपत्रात होते, असे मला वाटते.

आता संघाची यादी वाच. कोलो तुरे आणि याया तुरे हे भाऊ बुआकेचे. बाकारी कोने, अरुणा कोने, अब्दुलाय मेइते ही नावे ऐकताच तेथला कोणीही ‘उत्तरेकडची’ म्हणेल. द्रोग्बा बेते समाजाचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बंड झाले त्या बाग्बो यांच्याच समाजाचा. ब्लेझ कुआसी, जिल यापी यापो ही नावे दक्षिणेकडच्या समाजांतली. ज्या आडनावामुळे नाक्यावर एखाद्याला बसमधून उतरवले जात होते, तेच आडनाव सामन्याच्या संध्याकाळी आबिजान या दक्षिणेतील मोठ्या शहरातला समालोचक अभिमानाने घेत होता आणि सगळी वस्ती त्या नावाने ओरडत होती. या एका गोष्टीसाठी मी या संघाला फार मोठा मानतो. सरकारला जी यादी करता आली नाही, ती फुटबॉल प्रशिक्षकाने करून दाखवली होती.

ही यादी अशी मिसळलेली असण्यामागे योगायोग नाही. आबिजानच्या आसेक मिमोसा या क्लबचे अध्यक्ष रोजे वेनॅं आणि फ्रेंच प्रशिक्षक जॉं-मार्क गियू यांनी १९९३ च्या सुमारास लहान मुलांसाठी निवासी अकादमी सुरू केली. निवड चेंडूवरच्या हुकमतीवर होई. सुरुवातीची काही वर्षे मुलांना अनवाणी खेळवले जाई, शाळाही तेथेच असे. १९९९ च्या फेब्रुवारीत क्लबने याच पोरसवदा मुलांना आफ्रिकेच्या सुपर कप सामन्यात उतरवले आणि त्यांनी ट्युनिसच्या एस्पेरान्स या बलाढ्य संघाला ३-१ असे हरवले. कोलो, याया, झोकोरा, दिंदान, एबुए, सालोमोन कालू हे सारे त्या अकादमीचे. देश फुटण्याच्या कितीतरी आधी ही मुले एका खोलीत झोपत, एका पंगतीला जेवत होती. द्रोग्बा मात्र त्यांतला नव्हता. तो पाचव्या वर्षीच फ्रान्समध्ये फुटबॉल खेळणाऱ्या काकांकडे गेला होता आणि तेथेच घडला.

प्रश्न : राज्यकर्त्यांनी या संघाचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर केला नाही काय? (एक वाचक)

उत्तर : केला, आणि त्याहून वाईटही केले. डिसेंबर १९९९ मध्ये जनरल रोबेर गेई यांनी बंड करून सत्ता घेतली. पुढच्याच महिन्यात आफ्रिकी राष्ट्रांच्या स्पर्धेत संघ पहिल्या फेरीत बाद झाला, तेव्हा परतणारे विमान यामूसुक्रोला उतरवून खेळाडूंना जवळच्या लष्करी छावणीत दोन-तीन दिवस ठेवण्यात आले आणि देशप्रेमाचे धडे देण्यात आले. हरल्याबद्दल खेळाडूंना बंदुकीच्या पहाऱ्यात ठेवणारे सरकार आपल्या नागरिकांशी कसे वागत असेल, हे वेगळे सांगायला नको. पाच वर्षांनी याच संघाने राज्यकर्त्यांना आणि बंडखोरांना उलट धडा ऐकवला, हे लक्षात घेतले की ओमदुर्मानमधील त्या मिनिटाला लागलेले धैर्य नीट समजते.

प्रश्न : बुआके येथील सामन्याला इतके महत्त्व का दिले जाते? मादागास्करसारख्या दुबळ्या संघाविरुद्धचा तो एक पात्रता सामनाच तर होता. (एक निवृत्त क्रीडाशिक्षक)

उत्तर : खेळाच्या दृष्टीने आपले म्हणणे बरोबर आहे, ३ जून २००७ चा तो सामना ५-० असा एकतर्फी झाला. महत्त्व आहे ते जागेला. १ मार्च २००७ रोजी द्रोग्बाला आफ्रिकेतील वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आणि तीनच दिवसांनी वागाडूगूचा करार झाला. महिनाअखेरीस तो चषक घेऊन थेट बुआकेला, बंडखोरांच्या ठाण्यात गेला आणि जूनमधील सामना आबिजानऐवजी येथेच खेळवला जाईल असे त्याने जाहीर केले. साडेचार वर्षे राष्ट्रीय संघ ज्या शहरात पाऊल ठेवू शकला नव्हता, त्या शहरात तो अधिकृत सामना खेळणार होता.

आपण क्रीडाशिक्षक आहात, तेव्हा सामना भरवायला काय काय लागते ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मैदान नीट करावे लागते, पाहुण्या संघाच्या सुरक्षेची हमी द्यावी लागते, रस्ता मोकळा ठेवावा लागतो, दारावर आणि मैदानाभोवती कोण उभे राहणार हे ठरवावे लागते. ही साधी कामे करायची म्हटली, तरी एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन सैन्यांना एका नकाशावर वाकून बोलावे लागत होते. करारातील कलमे कागदावर होती. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच मैदानावर, एकाच संघाच्या गोलवर आनंदताना दिसले. सुमारे २५,००० लोकांनी स्टेडियम भरले होते. शेवटचा, पाचवा गोल द्रोग्बाने केला आणि त्यानंतर लोकांना आवरणे कठीण झाले.

तरी त्या दिवशी सारे सुरळीत झाले असे समजू नये. २९ जून रोजी, म्हणजे सामन्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्याच बुआकेच्या विमानतळावर पंतप्रधान सोरो यांच्या विमानावर रॉकेट डागण्यात आले. सोरो वाचले, चार माणसे मेली. ३० जुलैला बाग्बो युद्धानंतर प्रथमच बुआकेला आले आणि दोन्ही नेत्यांनी शस्त्रांच्या ढिगाला अग्नी दिला. फुटबॉल संघ आधी गेला आणि राष्ट्राध्यक्ष आठ आठवड्यांनी, हा क्रम मला बोलका वाटतो.

प्रश्न : आपण कितीही गौरव केला तरी २०१० मध्ये तेथे पुन्हा युद्ध झालेच. मग या आवाहनांचा आणि सामन्यांचा उपयोग काय झाला? (एक वाचक)

उत्तर : आपल्या प्रश्नातील कडवटपणा मला योग्य वाटतो, आणि त्यापासून मी पळ काढणार नाही. लांबलेली निवडणूक शेवटी २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाली. निवडणूक आयोगाने ५४ टक्के मते घेतलेले वातारा विजयी झाल्याचे सांगितले, पण घटना परिषदेने उत्तरेकडील अनेक विभागांतील मतदान रद्द ठरवून बाग्बो यांना विजयी घोषित केले. रद्द झालेल्या मतांत बुआकेचीही मते होती. ज्या शहरात तीन वर्षांपूर्वी सबंध देशाचा म्हणून सामना झाला, तेथील माणसांचे मत मोजण्याची वेळ आली तेव्हा ते पुसून टाकण्यात आले. पुढील पाच महिन्यांत सुमारे ३,००० माणसे मारली गेली. मार्च २०११ मध्ये पश्चिमेकडील दुएकुए येथे वातारा यांच्या बाजूच्या दलांनी आणि त्यांच्या साथीदारांनी शेकडो लोकांना ठार केले. आबिजानमध्ये बाग्बो यांच्या दलांनी वस्त्यांवर तोफगोळे टाकले. रक्त दोन्ही बाजूंच्या हाताला लागलेले होते. ११ एप्रिल २०११ रोजी बाग्बो पकडले गेले आणि युद्ध थांबले.

फुटबॉल संघाला ओळखपत्रे वाटता येत नाहीत, शस्त्रे जमा करता येत नाहीत, मतमोजणी करता येत नाही. ही कामे शासनाची होती. त्यांतील पहिले बऱ्याच अंशी पार पडले, कारण वागाडूगूच्या करारानंतर फिरती न्यायालये गावोगाव गेली आणि ज्यांच्याकडे जन्माचा दाखलाही नव्हता अशा असंख्य लोकांना तो मिळाला. त्यातूनच २०१० ची सुमारे ५७ लाख नावांची मतदारयादी उभी राहिली. बाकीची दोन कामे फसली आणि त्याची किंमत लोकांनी मोजली. तिचे खापर खेळाडूंवर फोडणे अन्यायाचे होईल, आणि ती लपवून केवळ द्रोग्बाची गोष्ट सांगणे हा मेलेल्या माणसांवर अन्याय होईल.

संघाकडून जे होण्यासारखे होते, ते त्याने केले. २००२ पासून २०११ पर्यंत सैन्य फुटले, राजधानीतले मित्र एकमेकांचे वैरी झाले, पण हा संघ फुटला नाही. युद्ध संपल्यावर द्रोग्बाने सत्यशोधन आणि समेटासाठी नेमलेल्या आयोगाचे सदस्यत्व घेतले. त्या आयोगाच्या हाती फारसे काही लागले नाही, तरी खेळत असलेल्या खेळाडूने ते काम अंगावर घेतले याची नोंद राहिली पाहिजे. मैदानावर मात्र त्याच्या पिढीला आफ्रिकी विजेतेपद हुलकावणी देत राहिले. २००६ आणि २०१२ या दोन्ही अंतिम सामन्यांत पेनल्टीवर हार झाली. २०१५ मध्ये ते मिळाले तेव्हा तो निवृत्त झाला होता आणि तुरे बंधू संघात होते.

आपल्या प्रश्नाला मी आणखी एका सामन्याने उत्तर देतो. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आयव्हरी कोस्टने आफ्रिकी राष्ट्रांची स्पर्धा भरवली. सामने आबिजानपुरते ठेवले नाहीत. उत्तरेच्या टोकाकडील कोरोगो येथे नवे स्टेडियम झाले आणि बुआकेचे जुने स्टेडियम वाढवून ४०,००० लोकांचे करण्यात आले. यजमान संघ गटात इक्वेटोरियल गिनीकडून ०-४ असा हरला, प्रशिक्षकाला घरी पाठवले गेले आणि एमर्स फाए यांनी मोडकळीला आलेला संघ हाती घेतला. ३ फेब्रुवारीला उपांत्यपूर्व सामना बुआके येथे झाला, आणि समोर होता माली, म्हणजे ज्या शेजारी देशांशी नाते असल्याच्या संशयावरून उत्तरेकडच्या माणसांना एके काळी परके ठरवले जात होते, त्यांतलाच एक. यजमानांचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेला, मालीने आघाडी घेतली, नव्वदाव्या मिनिटाला सिमॉं आदिंग्राने बरोबरी साधली, आणि जादा वेळेच्याही अखेरच्या क्षणी उमार दियाकितेने विजयी गोल केला. आनंदाच्या भरात त्याने अंगातला नारिंगी सदरा काढला, पंचांनी त्याला दुसरे पिवळे आणि मग लाल कार्ड दाखवले, आणि बुआकेच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.